पोरांना रॉकेट कशाला?

(उपकारस्मरणाच्या उपासनेनंतर झालेल्या मदतगारांच्या सभेत आपल्या शाळेच्या विज्ञान शिक्षिकेने केलेले भाषण)



मागच्या वर्षी याच सभेत मी वसतिगृहाचा अहवाल वाचला होता. धान्य किती आलं, चादरी किती वाटल्या, तपासणीला डॉक्टर किती वेळा आले, हे सगळं त्यात होतं. अगदी शेवटी एक वाक्य होतं : ‘सातवी ते नववीच्या मुलामुलींनी यंदा रॉकेटचा प्रकल्प हाती घेतला आहे.’ सभा संपली, चहा सुरू झाला आणि आपल्या मंडळीतले एक काका माझ्याजवळ आले. हे काका दर महिन्याला आपल्या पेन्शनमधून वसतिगृहाला मदत पाठवतात, एक महिना चुकत नाहीत. ते म्हणाले, “मॅडम, राग मानू नका. थंडी आली, अर्ध्या पोरांना स्वेटर नाही. पोरांना रॉकेट कशाला?”

मला राग आला नाही. जो स्वतःच्या ताटातलं काढून देतो त्याला विचारण्याचा हक्क आहे. पण खरं सांगते, त्या दिवशी माझ्याकडे नीट उत्तर नव्हतं. ‘विज्ञानाची गोडी लागते’ असं काहीतरी गुळमुळीत बोलून मी वेळ मारून नेली. आज वर्षभरानंतर मी त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला उभी आहे. काका आज समोर बसले आहेत, म्हणून जरा भीतीही वाटते.

आधी आमची मुलं कोण, ते सांगते. केळापूर, झरी जामणी, मारेगाव, घाटंजी या तालुक्यांतल्या पोडांवरून आणि पाड्यांवरून ती येतात. बरीचशी कोलाम आणि गोंड आहेत, काही परधान आहेत. कोलाम ही महाराष्ट्रातल्या तीन अतिअसुरक्षित आदिवासी जमातींपैकी एक. बाकीच्या दोन म्हणजे कातकरी आणि माडिया गोंड. घरी ही मुलं कोलामी नाहीतर गोंडी बोलतात. या भाषा द्रविड कुळातल्या, त्यांची नाळ तेलुगूशी जुळते, मराठीशी नाही. म्हणजे आपली मुलं पहिलीत जातात तेव्हा फक्त अक्षरं शिकतात. ही मुलं अक्षरंही शिकतात आणि ज्या भाषेत अक्षरं शिकवली जातात ती भाषाही शिकतात. आणि हे दुहेरी ओझं त्यांच्या पाठीवर आहे याची कुठे नोंदही होत नाही.

त्याचा परिणाम वर्गात काय दिसतो? शांतता. पाहुण्यांना ती फार आवडते. ‘किती शिस्तीची मुलं आहेत हो!’ असं म्हणतात. मी गुरुत्वाकर्षण शिकवते आणि विचारते, “समजलं का?” सगळा वर्ग एका सुरात म्हणतो, “हो मॅडम.” वह्या पाहाव्यात तर अक्षर मोत्यासारखं, आकृत्या फळ्यावरच्या जशाच्या तशा. पण एखाद्याला उभं करून विचारलं की मान खाली. चुकलो तर लोक हसतील, आणि आपली भाषाही हसण्यासारखीच आहे, हे त्यांना फार लहानपणी कळलेलं असतं. म्हणून ती ‘हो’ म्हणतात. ‘हो’ म्हटलं की मॅडम पुढच्या बाकाकडे जातात.

हे ‘हो’ महाग पडतं. दिवाळीनंतर कापूस वेचणीला येतो. घरात जेवढे हात तेवढी मजुरी. वडील शाळेत येतात आणि पोराला घेऊन जातात. काही मुलं परत येतात, काही येत नाहीत. इतक्या वर्षांत मी एक गोष्ट पाहिली आहे. ज्याला वाटतं ‘मला थोडंफार येतं’, तो मागे राहिलेला अभ्यास भरून काढायला परत येतो. ज्याच्या मनात बसलेलं असतं की ‘हे आपल्याच्यानं होत नाही’, त्याला कापसाचं शेत बरं वाटतं. तिथे निदान कुणी उभं करून प्रश्न विचारत नाही.

आता रॉकेटकडे येते. पण त्याआधी एका चर्चची गोष्ट.

केरळात तिरुवनंतपुरमजवळ थुंबा नावाचं मच्छीमारांचं गाव आहे. पृथ्वीचं चुंबकीय विषुववृत्त तिथून जवळून जातं, त्यामुळे वरच्या वातावरणाचा अभ्यास करायला ती जागा फार सोयीची. डॉ. विक्रम साराभाईंना रॉकेट सोडण्यासाठी तीच जागा हवी होती. पण तिथे लोकांची घरं होती आणि संत मेरी मॅग्डालीनचं चर्च होतं. साराभाई तिथले बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांना जाऊन भेटले. बिशपांनी परस्पर निर्णय दिला नाही. त्यांनी तो प्रश्न रविवारी उपासनेत मंडळीपुढे ठेवला आणि मंडळीने होकार दिला. लोकांना दुसरीकडे जागा मिळाली, नवं चर्च उभं राहिलं. जुन्या चर्चमध्ये भारताच्या अवकाश कार्यक्रमाचं पहिलं कार्यालय सुरू झालं. तरुण अब्दुल कलाम तिथे काम करत होते. प्रार्थनेची खोली ही त्यांची पहिली प्रयोगशाळा होती आणि बिशपांच्या खोलीत रॉकेटचे आराखडे काढले जात. रॉकेटचं टोक सायकलच्या कॅरियरवर ठेवून नेतानाचा त्या काळातला फोटो तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. २१ नोव्हेंबर १९६३ च्या संध्याकाळी तिथून पहिलं रॉकेट आकाशात गेलं. ते अमेरिकेत बनलेलं ‘नायके-अपाचे’ होतं. पुढे चारच वर्षांनी, नोव्हेंबर १९६७ मध्ये, आपल्या लोकांनी बनवलेलं ‘रोहिणी’ तिथूनच उडालं. त्याचा व्यास होता ७५ मिलिमीटर, म्हणजे आपल्या पाणी प्यायच्या पेल्याएवढा. ते जुनं चर्च आज अवकाश संग्रहालय आहे.

प्रकल्पाच्या पहिल्या दिवशी मी मुलांना ही गोष्ट सांगितली. नेहमीप्रमाणे सगळे शांत. मग सातवीतल्या एका गोंड मुलाने हळूच विचारलं, “मॅडम, मंग त्या लोकायनं नवीन चर्च होईपर्यंत प्रार्थना कुठं केली?” मला उत्तर माहीत नव्हतं आणि मी तसं सांगितलं. पण हा प्रश्न मला फार आवडला. ज्यांच्या पोडाची जमीन धरणात, जंगलात, कशाकशात जाऊ शकते, त्यांच्या मुलाला पहिल्यांदा सोडून जाणाऱ्यांची आठवण होते. रॉकेट नंतर.

आमचं रॉकेट साधं होतं. कोल्ड्रिंकची दोन लिटरची प्लास्टिकची बाटली. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी गेल्या हिवाळ्यात लग्न झालं, त्यांच्या मांडवातून मीच पोतं भरून बाटल्या नेल्या होत्या! पाण्याची बाटली चालत नाही, कारण ती पातळ असते. कोल्ड्रिंकमध्ये वायू दाबून भरलेला असतो, म्हणून ती बाटली दाब सोसते. बाटलीत साधारण एक तृतीयांश पाणी भरायचं. तोंडाला रबरी बूच घट्ट बसवायचं. बुचाच्या मधोमध भोक पाडून त्यात सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवायचा. बाटली स्टँडवर उलटी उभी करायची आणि लांब नळीने पंपातून हवा भरायची. आत हवा दाबली जाते, दाब वाढतो, एका क्षणी बूच सुटतं. दाबलेली हवा पाण्याला जोराने खाली ढकलते आणि पाणी बाटलीला वर ढकलतं. न्यूटनचा तिसरा नियम. मुलांनी तो चार वेळा वहीत उतरवला होता. त्या दिवशी तो त्यांच्या अंगावर उडाला, तेव्हा कुठे कळला.

तीस मुलं, सहा गट, एका गटात पाच जण. एकाने आराखडा काढायचा, दोघांनी बांधायचं, एकाने उडवायचं, एकाने मोजायचं आणि लिहायचं. प्रत्येक गटाला तीन शनिवार आणि तीन उड्डाणं. शेवटच्या शनिवारी रॉकेटने एक अंडं वर नेऊन न फोडता खाली आणायचं. पैसे लागले ते मुख्यतः दाब दाखवणाऱ्या पंपाला. बाकी पुठ्ठा, चिकटपट्टी, जुन्या प्लास्टिकच्या पिशव्या आणि सुतळी. काका, स्वेटरचे पैसे आम्ही यात घातले नाहीत, हे आधीच सांगून टाकते.

नियम दोनच होते. पहिला सुरक्षेचा. पंप मारणारा सोडून सगळे दोरीच्या मागे, आणि त्याच्याही डोळ्यांवर चष्मा. हवा भरलेल्या बाटलीवर कुणी वाकायचं नाही. नुसतं फुस्स झालं तरी मी नळीतून हवा सोडेपर्यंत जवळ जायचं नाही. दुसरा नियम वहीचा. रॉकेट पडलं की तीन ओळी लिहायच्या : काय झालं, का झालं असं आम्हाला वाटतं, पुढच्या वेळी काय बदलणार. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि सुधारलं, तर कशामुळे सुधारलं ते कळत नाही.

उंची कशी मोजली तेही सांगते, कारण मला त्याचा अभिमान आहे. कंपासपेटीतला कोनमापक, त्याला दोरा, दोऱ्याला खडा, वर शीतपेयाची नळी चिकटवलेली. रॉकेटच्या जागेपासून तीस मीटरवर उभं राहायचं, नळीतून रॉकेट बघायचं आणि ते सगळ्यात उंच गेलं की दोरा बोटाने दाबून धरायचा. त्यावरून कोन कळतो. आठवीच्या मुलांना त्रिकोणमिती येत नाही, म्हणून त्यांनी आलेख कागदावर एक सेंटिमीटर म्हणजे दोन मीटर असं धरून त्रिकोण काढला आणि पट्टीने उंची मोजली. त्यात बघणाऱ्याच्या डोळ्यांची उंची मिळवायची. कोन पंचेचाळीस अंश आला तर उंची अंतराएवढीच, म्हणजे तीस मीटर आणि वर डोळ्यांची उंची. पस्तीस अंश आला तर साधारण एकवीस मीटर. भूमितीच्या तासाला कंटाळणारी मुलं जेवणाची घंटा झाली तरी पट्टी सोडत नव्हती.

पहिला शनिवार डिसेंबरचा. सहा रॉकेटं. दोन बुचातून गळाली. हवा भरली की पाणी झिरपायचं आणि दाब चढायचाच नाही. एक स्टँडवरच आडवं झालं. दोन वर गेली, पण दोन-तीन कोलांट्या खाऊन परत आली. आणि एक सरळ कडुनिंबावर गेलं, कावळे ओरडत उडाले. मला हसू आलं. मुलांना आलं नाही. मी त्यांच्याकडे पाहिलं तर तीस जण परीक्षेत नापास झाल्यासारखे उभे होते. वर्गात पहिला येणारा एक मुलगा, एका गटाचा प्रमुख, हातातली बाटली टाकून वसतिगृहाकडे चालायला लागला. जाताना म्हणाला, “हे आपल्याच्यानं होत नाई.”

तेच वाक्य, बंधुभगिनींनो. कापसाच्या शेतात घेऊन जाणारं वाक्य.

मी सगळ्यांना कडुनिंबाखाली बसवलं आणि दुसरी गोष्ट सांगितली. १० ऑगस्ट १९७९. कलामांच्या नेतृत्वाखाली श्रीहरिकोट्याहून एसएलव्ही-३ हे उपग्रह नेणारं रॉकेट उडालं. देशातल्या मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं खपून बनवलेलं. पहिला टप्पा ठीक झाला. दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण यंत्रणेत बिघाड झाला आणि काही मिनिटांत ते बंगालच्या उपसागरात पडलं. बिघाडाचं मूळ काय? एका व्हॉल्व्हमधून झालेली गळती. मी हे सांगितलं तेव्हा गळालेल्या बुचाच्या दोन्ही गटांनी एकमेकांकडे पाहिलं.

त्या दिवशी पत्रकारांसमोर कलाम नव्हे, त्यांचे वरिष्ठ, इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन गेले आणि अपयशाची जबाबदारी त्यांनी स्वतःवर घेतली. पुढच्या वर्षी, १८ जुलै १९८० ला, तेच रॉकेट यशस्वी झालं आणि पस्तीस किलोचा रोहिणी उपग्रह कक्षेत गेला. तेव्हा धवन यांनी कलामांना सांगितलं, आज पत्रकारांशी तुम्ही बोला.

हे मुलांना सांगता सांगता मलाच माझी चूक दिसली. मी गटप्रमुख कुणाला केलं होतं? ज्यांचे गुण जास्त, त्यांना. आणि जे बोलत नाहीत त्यांना लिहायला बसवलं होतं, कारण त्यांचं अक्षर छान. म्हणजे ज्या शांततेची मी आत्ता तक्रार केली, ती मीच पक्की करत होते. मी मुलांसमोर म्हटलं, “आज जे पडलं त्याची जबाबदारी माझी. गट मी चुकीचे लावले. पुढच्या शनिवारी प्रत्येकाने काम बदलायचं.”

आठवीत एक कोलाम मुलगी आहे. दोन वर्षांत वर्गात तिचा आवाज मी हजेरीपुरताच ऐकला होता. कोलांट्या खाणाऱ्या एका रॉकेटच्या गटात ती होती, लिहिणारी. संध्याकाळी वह्या तपासताना तिच्या वहीत ‘का झालं’ या ओळीपुढे शब्द नव्हते, एक चित्र होतं. शेत, मचाण, आणि मचाणावर गोफण फिरवणारी मुलगी.

दुसऱ्या दिवशी मी तिला विचारलं, “हे काय ग?” बराच वेळ गप्प. मग म्हणाली, “मॅडम, याचं डोकं हलकं हाय अन् बुड जड हाय. म्हणून पल्टी मारते. दोरीनं बांधून गोफणीसारखं फिरवून पाहू का? सरळ असलं तं डोकं समोर ठेवून फिरन. नाई तं उलटन.”

मी तिच्याकडे बघतच राहिले. रॉकेट बनवणारे अगदी हीच चाचणी घेतात. रॉकेट जिथे तोलून राहतं तिथे दोरी बांधतात आणि डोक्याभोवती गरगर फिरवतात. वजनाचा मध्य पुढे आणि वाऱ्याच्या दाबाचा मध्य मागे असेल तर टोक पुढेच राहतं. उलट असेल तर रॉकेट शेपटीकडून उडायला बघतं. मी हे पुस्तकात वाचलं होतं. तिने ते ज्वारीवरची पाखरं हाकलताना हाताने ओळखलं होतं.

त्या गटाने रॉकेटच्या टोकात चिकणमातीचा गोळा बसवला, फिरवून पाहिलं, उलटलं. आणखी थोडी माती. फिरवलं, थोडं डगमगलं. मग पुठ्ठ्याचे पंख मोठे करून आणखी मागे लावले. फिरवलं. टोक पुढे. एका वेळी एकच बदल, प्रत्येक बदल वहीत. दुसऱ्या शनिवारी त्यांचं रॉकेट सरळ वर गेलं. कोन आला सदतीस अंश. आणि गंमत बघा, बाकीचे पाच गट आपापली बाटली आणि सुतळी घेऊन तिच्यामागे फिरायला लागले. ती त्यांना शिकवत होती, अर्धं मराठीत, अर्धं कोलामीत. पहिला येणारा तो मुलगा तिला विचारत होता, “दोरी कुठं बांधू?”

आता अंड्याचं सांगते. तिसऱ्या शनिवारच्या दोन दिवस आधी एक मुलगा माझ्याकडे आला आणि म्हणाला, “मॅडम, हे अंडं आपल्या जेवणातलंच ना? फुटलं तं वाया जाईन.” मी शरमले. अंड्याचं उड्डाण जगभर शाळांमधून करतात, तसं मीही ठरवून टाकलं. पण ज्यांच्या ताटात अंडं आठवड्यातून एकदा येतं त्यांच्यासमोर ते जमिनीवर फोडणं कसं दिसतं, हा विचार मला सुचला नाही. मुलांनीच तोड काढली. अंडं उकडून घ्यायचं! कवचाला तडा गेला तर दिसतोच, आणि नंतर ते खाता येतं. वजन तेवढंच. काका, तुमचा स्वेटरचा प्रश्न आणि त्या मुलाचा अंड्याचा प्रश्न एकच आहे, हे मला तेव्हा कळलं. त्यांना आपल्यापेक्षा अन्नाची किंमत जास्त ठाऊक आहे. म्हणून त्यांना रॉकेट नको असं नाही. त्यांना दोन्ही हवं.

शुक्रवारी त्या मुलीचे वडील आले. कापूस फुटला होता, माणसं मिळत नव्हती. तिला न्यायला आले होते. ती म्हणाली, “बा, उद्याच्या दिवस थांब.” वडील काही बोलले नाहीत, पण रात्री वसतिगृहाच्या व्हरांड्यात झोपले. सकाळी मैदानावर आमचा स्टँड डुगडुगत होता. ते थोडा वेळ बघत राहिले, मग उठले, कुंपणाजवळचे बांबू आणले, विळ्याने चिरले आणि तासाभरात तीन पायांचा असा पक्का स्टँड बांधून दिला की बाटली जागची हलेना. बांबूचं काम कोलामांच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या आहे. त्या शाळेच्या मैदानावर त्यांना कुणी काही शिकवायला आलं नव्हतं. त्या दिवशी तेच शिकवत होते आणि मुलं गोल करून बघत होती.

तिच्या गटाचं रॉकेट जिंकलं का? नाही. अंड्याच्या वजनामुळे सगळीच रॉकेटं आधीपेक्षा खाली राहिली. तिच्या गटाचं वर सरळ गेलं, पण पिशवीची छत्री उघडलीच नाही. अंडं चेचलं गेलं. सहापैकी दोनच अंडी शाबूत आली. पण या वेळी कुणी बाटली टाकून निघून गेलं नाही. ती आपल्या गटासोबत जमिनीवर बसली आणि तीन ओळी लिहायला लागली : काय झालं, का झालं, काय बदलणार. मग सगळ्यांनी चेचलेली अंडी मीठ लावून खाल्ली.

संध्याकाळी ती वडिलांबरोबर गेली. मी तिच्या पिशवीत वही घातली. तिची खाट अठरा दिवस रिकामी होती. मी रोज रात्री ती खाट बघून प्रार्थना करत असे. एकोणिसाव्या दिवशी ती परत आली. बोटांना कापसाच्या बोंडांचे ओरखडे. रॉकेटमुळेच आली असं मी म्हणणार नाही. तिची आई, तिचे वडील, तिची जिद्द, देवाची कृपा, यांतलं काय किती ते मला वजन करता येत नाही. तिच्याबरोबर वेचणीला गेलेला एक मुलगा अजून आलेला नाही. त्याच्या घरी मी दोनदा जाऊन आले, पुन्हा जाणार आहे. त्याच्यासाठी प्रार्थना करा.

परत आल्यावर तिसऱ्या दिवशी गणिताचा तास होता. समीकरणं. मी फळ्यावर उदाहरण सोडवलं आणि सवयीने विचारलं, “समजलं का?” वर्ग म्हणाला, “हो मॅडम.” आणि मागच्या बाकावरून एक हात वर आला.

“मॅडम, नाई समजलं.”

काका, हे माझं उत्तर आहे.

इतक्या वर्षांच्या नोकरीत मला मिळालेलं हे सगळ्यात मोठं बक्षीस आहे. ‘नाही समजलं’ हे वाक्य श्रीमंताच्या मुलाला फुकट मिळतं. तो चुकतो, वडील शिकवणी लावतात, तो परत चुकतो, दुसरी शिकवणी लावतात. गरिबाच्या मुलाला एकदा चुकायचीही सोय नसते. त्याला कुणीतरी अशी जागा करून द्यावी लागते जिथे पडलेलं रॉकेट उचलून आणता येतं, वहीत लिहिता येतं आणि पुढच्या शनिवारी परत उडवता येतं. आपल्याला तर हे नवीन नाही. प्रभूने पेत्राला तीनदा चुकल्यावरही कामावरून काढलं नाही, उलट त्याच्याच हाती कळप दिला. तीन उड्डाणांचा नियम करताना माझ्या मनात तीच गोष्ट होती.

आता मागणं. स्वेटर पाठवा, ते हवेतच, आणि यंदा मागच्या वर्षीपेक्षा जास्त आले त्याबद्दल महिला मंडळाचे आभार. मांडवातल्या बाटल्या फेकू नका, आम्हाला द्या. पण त्याहून मोठं मागणं आहे. तुमच्यात निवृत्त शिक्षक आहेत, विजेचं, सुतारीचं काम जाणणारे आहेत. महिन्यातून एका शनिवारी या. शिकवायला नको, मुलांच्या शेजारी जमिनीवर बसायला या. त्यांचं रॉकेट पडलं की हसू नका आणि ‘छान छान’ही म्हणू नका. विचारा, का पडलं असं तुला वाटतं? आणि मग थांबा. उत्तर यायला वेळ लागतो, कारण ते आधी कोलामीत तयार होतं. पण येतं.

यंदाचा पहिला शनिवार पुढच्या महिन्यात आहे. बांबूचा स्टँड अजून पक्का उभा आहे. गोफणीची चाचणी या वेळी मी शिकवणार नाही, नववीत गेलेली ती मुलगी शिकवणार आहे. काका, तुमच्यासाठी दोरीच्या मागे पहिल्या रांगेत खुर्ची ठेवते. येताना स्वेटर घालून या, सकाळी मैदानावर फार गारठा असतो.

प्रभू तुम्हां सर्वांना आशीर्वाद देवो.